श्लेष्म, म्युसिन आणि कर्करोग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, नांदेड, बीड, परभणी, धाराशिव आणि आसपासच्या गावांतून, बहुधा रक्ततपासणीचा किंवा बायोप्सीचा रिपोर्ट हाती पडल्यावर, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दोन प्रश्न एकमेकांत गुंततात तेथे क्रमांक दिला आहे. ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. आपल्या रिपोर्टचा अर्थ आपल्याला तपासणारे डॉक्टरच लावू शकतात.

१. म्युसिन म्हणजे काय? कफ आणि म्युसिन एकच का?

एकच नाही. नाकातील शेंबूड, छातीतील कफ आणि आतड्याच्या आतील बुळबुळीत थर ही सगळी श्लेष्माची रूपे आहेत आणि निरोगी श्लेष्मात साधारण ९५ टक्के किंवा त्याहून अधिक पाणीच असते. उरलेल्या भागात क्षार, मेद, गळलेल्या पेशी, रोगजंतूंशी लढणारी प्रथिने आणि म्युसिन असते. प्रमाणाने म्युसिन थोडेच असते, पण श्लेष्माला चिकटपणा आणि लवचीकपणा येतो तो त्याच्यामुळेच.

म्युसिन हे ग्लायकोप्रोटीन आहे, म्हणजे प्रथिनाच्या लांब साखळीला शर्करेच्या असंख्य शाखा जोडलेला रेणू. बाजरीचे कणीस डोळ्यांसमोर आणावे: मधली काडी म्हणजे प्रथिन आणि तिला चहूबाजूंनी खेटून बसलेले दाणे म्हणजे शर्करेच्या शाखा. या शाखांचे वजन एकूण रेणूच्या निम्म्याहून अधिक, पुष्कळदा ८० टक्क्यांपर्यंत भरते. त्या इतक्या दाट असतात की प्रथिने तोडणारे पाचकरससुद्धा आतल्या साखळीपर्यंत सहज पोहोचत नाहीत. अनेक शाखांच्या टोकाशी सियालिक आम्ल असते. त्याच्या ऋणभारामुळे शाखा एकमेकींना दूर लोटतात आणि मधल्या जागेत पाणी धरून ठेवतात.

२. ही म्युसिने किती प्रकारची असतात?

मानवात सुमारे २० म्युसिन जनुके ज्ञात आहेत आणि त्यांची नावे एमयूसी-१, एमयूसी-२ अशी, साधारणपणे शोधाच्या क्रमाने दिलेली आहेत. कामाच्या दृष्टीने त्यांचे दोन मोठे गट पडतात. पहिला गट पेशीबाहेर सोडल्या जाणाऱ्या, जेल बनवणाऱ्या म्युसिनांचा: मोठ्या आतड्यात एमयूसी-२, जठराच्या पृष्ठभागावर एमयूसी-५एसी आणि जठराच्या खोल ग्रंथींमध्ये एमयूसी-६, श्वासनलिकांमध्ये एमयूसी-५एसी व एमयूसी-५बी. दुसऱ्या गटातील म्युसिने पेशीच्या आवरणात रोवलेली असतात. एमयूसी-१, एमयूसी-४ आणि एमयूसी-१६ ही त्यांतील प्रमुख होत. त्यांचे एक टोक पेशीबाहेर उभे असते आणि दुसरे पेशीच्या आत असते, म्हणून बाहेर काय घडत आहे याचा संदेश ती आत पोहोचवू शकतात. कर्करोगाच्या चर्चेत हा दुसरा गट अधिक येतो, त्याचे कारण हेच (प्रश्न ७ पाहा).

३. आतड्यात इतके जिवाणू असतात, तरी रोज संसर्ग का होत नाही?

याचे मोठे श्रेय एमयूसी-२ला जाते. मोठ्या आतड्याच्या आतील बाजूस गॉब्लेट पेशी असतात. अल्शियन ब्लू या रंगाने रंगवलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर ग्रंथींच्या कडेने या पेशींचे फुगीर निळे ठिपके ओळीने दिसतात. तो निळा भाग म्हणजे घट्ट गुंडाळून साठवलेले म्युसिन. पेशीने ते बाहेर सोडले की कॅल्शियम सुटे होते, बायकार्बोनेटच्या मदतीने रेणू उलगडतो आणि शेकडो पटींनी फुगून जाळीसारखा पसरतो.

स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांनी २००८ मध्ये उंदरांच्या मोठ्या आतड्यात दाखवून दिले की या श्लेष्माचे दोन थर असतात. पेशींना चिकटलेला आतला थर घट्ट असतो व त्यात जिवाणू जवळजवळ नसतातच. बाहेरचा थर सैल असतो आणि जिवाणू तेथे राहतात, तेथील शर्करा खातात. मिलिमीटरहूनही पातळ अशा थरावर एवढी मोठी वस्ती पेशींपासून दूर ठेवली जाते आणि तो थर सतत नव्याने तयार होत असतो.

हा थर नसेल तर काय होते, याचे उत्तर त्याआधीच, २००२ मध्ये मिळाले होते. एमयूसी-२चे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या आतड्यांत गाठी झाल्या, त्यांतील काही कर्करोगाच्या होत्या. अशा उंदरांना आतड्याचा दाहही होतो, हे पुढे स्पष्ट झाले. माणसांत अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारात गॉब्लेट पेशी कमी होतात, आतला थर विरळ होतो आणि जिवाणू पेशींना भिडतात. हा आजार मोठ्या आतड्यात दूरवर पसरलेला असेल आणि पुष्कळ वर्षे चालला असेल, तर कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून अशा रुग्णांना साधारण आठ वर्षांनंतर नियमित कोलोनोस्कोपी सुचवली जाते. त्रास नाही म्हणून ती टाळू नये.

४. शौचावाटे आव पडते. ते कर्करोगाचे लक्षण आहे का?

बहुतेक वेळा नाही. आव म्हणजे आतड्याने जास्त प्रमाणात सोडलेले श्लेष्मच असते. आपल्याकडे त्याचे एक नेहमीचे कारण अमीबाचा आमांश हे आहे. हा अमीबा म्युसिनच्या शर्करेलाच चिकटतो, नंतर एमयूसी-२चे प्रथिन तोडणारे विकर सोडतो आणि थराला भोके पाडून पेशींपर्यंत पोहोचतो. पावसाळ्यात विहिरीचे किंवा टँकरचे पाणी न उकळता प्यायल्याने हा त्रास पसरतो.

मात्र आवेबरोबर रक्त, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, विनाकारण घटणारे वजन किंवा रक्तक्षय यांपैकी काही असेल, तर मूळव्याध समजून महिनोन्महिने घरगुती उपाय करत बसू नये. माझ्या मते गुदाशयाच्या कर्करोगात सर्वाधिक वेळ याच गैरसमजात वाया जातो.

५. भेंडी, जवस, इसबगोल बुळबुळीत असतात. ते खाल्ल्याने आतड्यातला थर वाढतो का?

थेट वाढत नाही. वनस्पतींतील हा बुळबुळीत पदार्थ बहुतांशी शर्करेच्या साखळ्यांचा असतो. तो म्युसिन नव्हे आणि पोटात गेल्यावर म्युसिन बनतही नाही. पण तो तंतुमय असल्याने अप्रत्यक्ष उपयोग होतो. आतड्यातील जिवाणू असे तंतू आंबवून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात, आणि ती आतड्याच्या पेशींचे मुख्य इंधन आहेत. तंतू मिळाले नाहीत तर काही जिवाणू श्लेष्मातील शर्करेकडे वळतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगात तंतुहीन आहारावर श्लेष्माचा थर पातळ झालेला आढळला. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची किंवा मेथीची भाजी आणि सोबत कच्चा कांदा या आपल्या रोजच्या जेवणात तंतू भरपूर आहेत. भाकरीची जागा मैद्याच्या पदार्थांनी घेतली की ते कमी होतात.

६. जिनिंगमध्ये काम करतो, सकाळी खूप कफ पडतो. घरी आईलाही चुलीच्या धुरामुळे तसेच होते. हे म्युसिनमुळे होते का?

होय, बऱ्याच अंशी. धूळ, सरकीचे तंतू, तंबाखूचा व चुलीचा धूर यांनी श्वासनलिका सतत चिडत राहिल्या की गॉब्लेट पेशींची संख्या वाढते, एमयूसी-५एसी जास्त तयार होते आणि कफ दाट होतो. दम्याच्या तीव्र झटक्यात लहान श्वासनलिका अशा चिकट गोळ्यांनी बंद होऊ शकतात. म्हणून म्युसिन अजिबात नकोच, असेही नाही. एमयूसी-५बी नसलेल्या उंदरांना फुप्फुसांचे चिवट संसर्ग झाले. प्रश्न प्रमाणाचा आहे.

एन-ॲसिटिलसिस्टीन हे कफ पातळ करण्याचे औषध म्युसिनचे रेणू एकमेकांना जोडणारे गंधकाचे बंध तोडते. परंतु मूळ कारण दूर झाल्याशिवाय औषधाचा उपयोग मर्यादित राहतो. नाका-तोंडावर नीट बसणारा मास्क, चुलीऐवजी गॅस आणि तंबाखू पूर्ण बंद करणे हेच खरे उपाय आहेत. दुधाने कफ वाढतो अशी समजूत आहे. सर्दीच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत तसे आढळले नव्हते. दोन आठवड्यांहून जास्त टिकणारा खोकला असेल, तर आधी क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्यावी.

७. म्युसिन शरीराचे रक्षण करते, तर कर्करोगात ते घातक कसे ठरते?

रेणू तोच राहतो, पण त्याची जागा, त्याचे प्रमाण आणि त्याच्या शर्करेची ठेवण बदलते. हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

निरोगी स्तनाच्या किंवा स्वादुपिंडाच्या नलिकेत एमयूसी-१ पेशीच्या फक्त पोकळीकडील बाजूला असते. पेशी कर्करोगाची झाली की ही दिशा हरवते आणि एमयूसी-१ पेशीच्या सर्व बाजूंना पसरते. एमयूसी-४ तर निरोगी स्वादुपिंडात जवळजवळ नसते आणि तेथील कर्करोगात दिसू लागते. त्याच वेळी शर्करेच्या शाखा अर्धवट राहतात. लांब शाखांऐवजी टीएन किंवा सियालिल-टीएन नावाची आखूड टोके उरतात आणि प्रथिनाचा एरवी झाकलेला भाग उघडा पडतो.

याचे परिणाम अनेक आहेत. पेशीभोवती दाट आवरण झाल्याने रोगप्रतिकारक पेशींना जवळ येणे कठीण होते. सियालिक आम्ल असलेल्या काही शर्करा त्या पेशींवरील सिग्लेक नावाच्या ग्राहकांना चिकटून त्यांना शांत राहण्याचा संदेश देतात. एमयूसी-१चे आतील टोक पेशीच्या वाढीच्या संदेशांत ढवळाढवळ करते, तर एमयूसी-४ हे हर-२ या वाढ-ग्राहकाशी जोडले जाते. अंडाशयाच्या कर्करोगात एमयूसी-१६ हे पोटाच्या आतील आवरणावरील मेसोथेलिन या प्रथिनाला चिकटते आणि गाठीतून सुटलेल्या पेशींना पोटात इतरत्र रुजायला त्यामुळे मदत होते.

८. बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘म्युसिनस’ आणि दुसऱ्याच्या रिपोर्टवर ‘सिग्नेट रिंग’ लिहिले आहे. यांत जास्त वाईट कोणते?

शब्द पाहून ठरवता येत नाही. अवयव कोणता यावर पुष्कळ अवलंबून असते. गाठीचा निम्म्याहून अधिक भाग पेशीबाहेर साचलेल्या म्युसिनचा असेल, तर मोठ्या आतड्याच्या गाठीला म्युसिनस म्हणतात. काच पाहताना फिकट निळसर तळी दिसतात आणि त्यांत कर्करोगाच्या पेशींचे छोटे पुंजके तरंगत असतात. स्तनातील निव्वळ म्युसिनस कर्करोग बहुधा सावकाश वाढतो व उपचारांना चांगला प्रतिसाद देतो.

सिग्नेट रिंग पेशीत म्युसिन बाहेर पडतच नाही. ते पेशीच्या आत साठते आणि केंद्रकाला एका कडेला दाबून चपटे करते. जठरात या पेशी भिंतीत एकेकट्या पसरतात, त्यामुळे ठळक गाठ न दिसताही रोग पुढे गेलेला असू शकतो. अपेंडिक्सच्या म्युसिनस गाठी फुटून सगळ्या पोटात जेलीसारखा पदार्थ साचण्याचा एक दुर्मीळ आजारही आहे. त्याची शस्त्रक्रिया मोठी असते आणि तिचा अनुभव असलेल्या केंद्रातच ती करावी.

९. पत्नीचे सीए १२५ वाढले आहे. अंडाशयाचा कर्करोग समजायचा का?

नाही, एवढ्यावरून समजू नये. सीए १२५ म्हणजे एमयूसी-१६चा रक्तात आलेला अंश. १९८१ मध्ये रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी तो ओळखणारी प्रतिपिंडे शोधली. हा रेणू म्युसिन आहे हे २००१ मध्ये कळले. मिलिलिटरला ३५ युनिट ही नेहमीची मर्यादा धरतात. परंतु एमयूसी-१६ हे पोट, फुप्फुस आणि हृदय यांच्या आवरणांवरही असते, म्हणून ती आवरणे सुजली की आकडा वाढतो. मासिक पाळी, गरोदरपण, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढणे), ओटीपोटाचा संसर्ग, यकृताचा सिऱ्होसिस आणि हृदयविकारामुळे साचलेले पाणी यांतही तो वाढतो.

आपल्या भागात एक कारण मुद्दाम लक्षात ठेवावे लागते, ते म्हणजे पोटाचा क्षयरोग. तरुण स्त्री, पोटात पाणी, संध्याकाळी बारीक ताप, घटलेले वजन आणि सीए १२५ काही शेकड्यांत, हे चित्र हुबेहूब अंडाशयाच्या कर्करोगासारखे दिसते. सोनोग्राफीतही गाठीसारखे काही दिसू शकते. पोटातील पाण्याची तपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आवरणाचा तुकडा यांवरून निदान ठरते, आणि क्षयरोग निघाल्यास औषधांनी तो बरा होतो, आकडाही खाली येतो. आकड्याने घाबरून शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा.

उलट बाजूही आहे. अंडाशयाच्या पहिल्या टप्प्यातील कर्करोगात सुमारे निम्म्या स्त्रियांत सीए १२५ वाढलेले नसते. अंडाशयाच्या म्युसिनस गाठींत तर, नाव तसे असूनही, ते पुष्कळदा फारसे वाढत नाही.

१०. चेकअपच्या पॅकेजमध्ये कर्करोगाच्या रक्तचाचण्या असतात. त्या दरवर्षी कराव्यात का?

काही त्रास नसताना आणि कुटुंबात विशेष इतिहास नसताना करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रिटनमध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर सीए १२५ व सोनोग्राफीची चाचणी झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार अशा तपासणीमुळे अंडाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत.

याउलट जी तपासणी जीव वाचवते तिचा भक्कम पुरावा मराठवाड्यातूनच मिळाला आहे. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ५२ गावसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) चाचणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, जवळजवळ निम्म्यावर आले. येथल्या बायकांच्या सहभागातून सिद्ध झालेली ही चाचणी येथल्याच बायकांना सहज मिळायला हवी. पॅकेजवर खर्च करायचाच असेल, तर घरातील तिशी ओलांडलेल्या स्त्रीची ही तपासणी आधी करावी.

११. वडिलांना कावीळ आहे आणि सीए १९-९ खूप वाढले आहे. स्वादुपिंडाचा कर्करोग असेल का?

असू शकतो, पण हा आकडा काविळीत मोजलेला असेल तर त्यावर विसंबता येत नाही. सीए १९-९ हे प्रथिन नसून म्युसिनवर असणारी एक विशिष्ट शर्करा आहे. पित्तनलिका खड्याने तुंबली तरी ती रक्तात साचते आणि मिलिलिटरला ३७ युनिटची मर्यादा पुष्कळ ओलांडली जाऊ शकते. म्हणून अडथळा दूर होऊन कावीळ उतरल्यावर चाचणी पुन्हा करतात. सीटी स्कॅन मात्र लांबवू नये.

एक अपवादही आहे. लुईस रक्तगट ऋण असलेल्या लोकांचे शरीर ही शर्करा मुळात बनवूच शकत नाही. अशा व्यक्तीला स्वादुपिंडाचा कर्करोग असला तरी सीए १९-९ बहुधा नगण्यच राहते. ए, बी, ओ हा नेहमीचा रक्तगट वेगळा. त्यावरून हे कळत नाही.

१२. मला मधुमेह आहे. म्युसिनमधील साखरेचा माझ्या साखरेशी संबंध आहे का?

म्युसिनवरील शर्करा पेशी स्वतः जोडते, त्यामुळे रक्तातील साखरेच्या आकड्याशी तिचा थेट संबंध नाही. मधुमेह आटोक्यात नसताना सीए १९-९ किंचित वाढलेले आढळू शकते, एवढे ध्यानात ठेवावे.

१३. दोन लॅबमध्ये एकाच आठवड्यात वेगळे आकडे आले. कोणता खरा?

दोन्ही खरे असू शकतात. वेगवेगळ्या यंत्रांची प्रतिपिंडे एकाच म्युसिनचे वेगवेगळे भाग ओळखतात. उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी चाचणी चालू असेल, जसे पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात एमयूसी-१ मोजणारे सीए १५-३, तर ती दरवेळी एकाच लॅबमध्ये करावी आणि एका आकड्यापेक्षा चढ-उताराकडे पाहावे.

१४. तोंडाच्या कर्करोगासाठी शेक दिल्यापासून तोंड कोरडे पडते. लाळ परत येईल का?

लाळेतील एमयूसी-५बी आणि एमयूसी-७ ही म्युसिने दात आणि गालाच्या आतील त्वचा ओली ठेवतात व जिवाणूंना गुंडाळून गिळायला लावतात. किरणोत्सर्गाने लाळग्रंथींना इजा झाली की लाळ घटते आणि जी उरते ती दाट, तारा येणारी होते. काही महिन्यांत थोडी सुधारणा होते, पण मोठा डोस ग्रंथींवर पडला असेल तर कोरडेपणा कायम राहू शकतो. घोट घोट पाणी, फ्लोराइडची पेस्ट, दंतवैद्यांकडे नियमित फेरी आणि तिखट ठेचा काही काळ बाजूला ठेवणे यांनी त्रास कमी होतो. शेक सुरू होण्यापूर्वीच दात दाखवून घ्यावेत. गुटखा, तंबाखू-चुना आणि मिश्री पुन्हा तोंडात जाता कामा नये, कारण दुसरी गाठ होण्याचा धोका तसाच राहतो.

१५. म्युसिनवर मारा करणारे औषध किंवा लस निघाली आहे का?

कर्करोगातील एमयूसी-१ उघडे पडलेले असते (प्रश्न ७), म्हणून त्याविरुद्ध लस बनवण्याची कल्पना जुनी आहे. टेसेमोटाइड या लसीची फुप्फुसाच्या कर्करोगावर मोठी चाचणी झाली. २०१४ मध्ये आलेल्या निष्कर्षांत एकूण रुग्णांचे आयुष्य लक्षणीय वाढल्याचे दिसले नाही. एमयूसी-१ आणि एमयूसी-१६ यांना लक्ष्य करणारी प्रतिपिंडे व बदललेल्या टी-पेशी यांवर काम चालू आहे. सध्या कोणी म्युसिनवरचे खात्रीचे औषध म्हणून महागडी बाटली विकत असेल, तर ती घेऊ नये.

१६. पायात रक्ताची गुठळी झाली म्हणून दाखल केले, आणि डॉक्टर पोटाचा स्कॅन करायला सांगतात. का?

आर्माँ ट्रूसो या फ्रेंच वैद्यांनी १८६५ मध्ये वारंवार होणाऱ्या गुठळ्या आणि लपलेला कर्करोग यांचा संबंध मांडला. स्वादुपिंड, जठर, फुप्फुस यांच्या म्युसिन स्रवणाऱ्या गाठींत हे अधिक आढळते. रक्तात आलेले म्युसिन पांढऱ्या पेशी, बिंबिका आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर यांवरील सिलेक्टिन रेणूंना चिकटते आणि गुठळी होण्याची प्रक्रिया सुरू करू शकते. तिची इतरही कारणे असतात. प्रत्येक गुठळीमागे कर्करोग नसतो. शस्त्रक्रिया, दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहणे, बाळंतपण ही कारणे कितीतरी अधिक आढळतात. पण असे कोणतेही कारण नसताना, गुठळी पुन्हा पुन्हा किंवा नेहमीपेक्षा वेगळ्या जागी होत असेल आणि वजनही घटत असेल, तर स्कॅनचा सल्ला योग्य आहे. आधीच कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या रुग्णाचा एकच पाय सुजला, दुखू लागला किंवा अचानक धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.